उकळलेले पैसे

होडीच्या तिकिटाच्या रांगेत आमची मंडळी अडून बसली.

"जन्मभर तुम्ही हेच पाहिलं. पोरानं एवढा खर्च करून समुद्र दाखवायला आणलं, तं इथंही हेच पाहाता का?"

मुलगा मध्ये पडला. "आई, किल्ला आहे तो. सगळे पाहतात."

"तुझ्या बाबाले किल्ल्याचा नाद कधीपासून लागला?"

बोलणं खरं होतं. आमच्या वरोऱ्याजवळच्या भद्रावतीचा किल्लाही मी धड पाहिलेला नाही. मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. उन्हाळ्यात त्यानं आम्हाला बोलावलं आणि तिथून चार दिवस ग्रीसच्या क्रीट बेटावर नेलं. तुम्हाला काय पाहायचं ते सांगा, म्हणाला. मी एकच नाव सांगितलं. ते नाव माझ्या प्रशिक्षणाच्या वहीत चाळीस वर्षं पडून होतं, तेही चुकीचं लिहिलेलं: 'स्पायनालोंगा'. वर्ध्याला कुष्ठरोगाचं प्रशिक्षण घेताना आमच्या शिक्षकांनी भिंतीवरच्या नकाशावर काठी ठेवत ठेवत दाखवलं होतं. हे हवाईतलं मोलोकाई, हे दक्षिण आफ्रिकेचं रॉबेन, हे फिलिपिन्सचं कुलियन, हे ग्रीसचं. जगभर या रोग्यांसाठी लोकांनी बेटंच हुडकली. मी तेव्हा बावीस वर्षांचा. मनात म्हटलं, आपल्या विदर्भात समुद्र नाही हे बरंच आहे.

स्पिनालोंगा क्रीटच्या ईशान्येला, एलुंडाच्या खाडीत आहे. समोर प्लाका नावाचं कोळ्यांचं छोटं गाव. दोन्हींच्या मधे पाणी इतकंसंच की धुऱ्यावरून हाळी घालावी तशी घातली तर पलीकडे ऐकू जाईल असं वाटतं. होडीत नीट बसून होत नाही तोवर उतरायची वेळ. बेट सगळं मिळून साडेआठ हेक्टर, म्हणजे आपले एकवीस एकर. आमच्या गावच्या पाटलाचं एकट्याचं वावर याहून मोठं.

किल्ला व्हेनिसच्या लोकांनी १५७९ पासून बांधायला घेतला. त्यांना धाक तुर्कांचा. १६६९ मध्ये जवळजवळ सगळं क्रीट तुर्कांनी घेतलं, पण हा दगड व्हेनिसनं १७१५ पर्यंत सोडला नाही. मग इथं मुसलमान कुटुंबांचं गाव वसलं, घरं झाली, दुकानं झाली. १८९८ मध्ये क्रीट स्वायत्त झालं, आणि १९०३ मध्ये नव्या सरकारनं ठरवलं की बेटभरचे कुष्ठरोगी इथं आणून ठेवायचे. जुनी वस्ती तोवर निघून चालली होती, उरलेलेही गेले. १९०४ च्या ऑक्टोबरात पहिले अडीचशेच्या वर रोगी होड्यांतून उतरले. आधी ते क्रीटच्या शहरांच्या वेशीबाहेर राहत. त्या वस्त्यांना नाव होतं 'मेस्किनिया'. हे वाचून मी थबकलो, कारण आमच्याकडचे मुसलमान शेजारी गरिबाला 'मिस्कीन' म्हणतात. शब्द तोच, तुर्कांबरोबर तिकडे गेलेला. १९१३ मध्ये क्रीट ग्रीसला जोडलं गेलं, तसे देशभरातून रोगी येऊ लागले.

आणि आपल्याकडे? तेच १८९८ साल. इंग्रजांनी कुष्ठरोग्यांचा कायदा केला. भीक मागणारा रोगी दिसला तर पकडून आश्रमात डांबायचा. बाकीच्यांनी विकायला खाण्याचे पदार्थ करायचे नाहीत, सार्वजनिक विहिरीवर आंघोळ करायची नाही, भाड्याची गाडी हाकायची नाही. हा कायदा संसदेनं मोडीत काढला तो २०१६ मध्ये. मी तोवर सेवानिवृत्त होऊन घरी बसलो होतो.

तर माझी नोकरी. हुद्दा लांबलचक होता, पण गावोगावी मला 'चट्टेवाले भाऊ' म्हणत. आधी सायकल, नंतर लुना. पिशवीत रजिस्टर, कापसाचा बोळा, बॉलपेन, गोळ्या. घरोघर जायचं, उजेडात उभं करून पाठ पाहायची. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला की डोळे मिटायला सांगायचे, पेनाचं टोक हलकंच टेकवायचं आणि म्हणायचं, जिथं लागलं तिथं बोट ठेवा. बोट भलतीकडे गेलं किंवा उठलंच नाही, की समजायचं. मग कोपरामागची नस चाचपायची. ती दोरीसारखी जाड लागली की माझ्याच पोटात गोळा येई. बाया पाठ दाखवायला तयार नसत. सासू दाराआडून म्हणे, "आमच्या घरी असं काही नाही जी, पुढं पाहा."

एका गावात नाल्यापलीकडे एक झोपडी होती. त्यात एक बाई एकटी राही. वय असेल तिशीचं. नवऱ्यानं आणून सोडलेली, भावांनी गावात न घेता नाल्यापलीकडे चार कुडाच्या भिंती उभ्या करून दिलेल्या. दोन्ही हातांची बोटं आखडलेली, एका टाचेला जखम. नाला पंधरा हातांचा, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. पण पावसाळ्यात पूर आला की दोन-दोन दिवस तिच्याकडे कोणी जाऊ शकत नसे, आणि एरवी कोणी जात नसे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं पोतं अंथरलं, चुलीवर चहा मांडला. मी म्हणालो, "नको माय, आत्ताच घेतला." घेतला नव्हता. महिनाभर प्रशिक्षण झालेला माणूस मी, मला पाठ होतं की हा रोग असा पसरत नाही, बहुतेकांच्या अंगात उपजतच त्याला तोंड द्यायची ताकद असते. पाठ असणं वेगळं आणि कप ओठाला लावणं वेगळं.

तिच्या बाजाराची रीत सांगतो. दुकानदार तिला ओट्याला येऊ देत नसे. ती निंबाखाली उभी राहून ओरडून सांगे, चटणी, मीठ, गोडं तेल. तो सामान एका दगडावर ठेवून मागं सरे. दगडाशेजारी जर्मनचा एक गंज होता. त्यात जांभळं पाणी. विहिरीत टाकायला ग्रामपंचायतीत येणारी लाल दवा दुकानदारानं त्यात कालवलेली. तिनं नाणी त्या गंजात टाकायची. ती गेली की तो सांडशीनं काढून, चुलीवर उकळून मग गल्ल्यात टाके. गावातले टवाळ म्हणत, "शेठ गिऱ्हाइकाचे पैसे उकळते." हसत सगळे. मीही हसलो असेन. पण खरी अडचण निराळीच होती. नोट धुता येत नाही, म्हणून तो नोट घेतच नसे. निंदणाची मजुरी कोणी दोनच्या नोटेनं दिली की ती नोट तिच्या पदराला तशीच राही. पुढं ती मजुरी मागतानाच म्हणू लागली, "चिल्लर द्या जी."

स्पिनालोंगाच्या तटाखालून एक बोगद्यासारखी अंधारी वाट आत जाते. रोगी तिथून आत यायचे. तिला दान्तेचं दार म्हणतात. आमच्यापुढं एक शाळेची सहल होती, पोरं त्या बोगद्यात हू हू करून आवाज घुमवत होती. बाहेर पडलं की एकदम ऊन आणि सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी दुकानं. काही दुरुस्त केलेली, काहींत अंजिराची झाडं उगवलेली. निर्जंतुक करायची जागा कुठं ते मी मुलाकडून विचारून घेतलं. बेटावरून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू, पत्रं, कपडे, पैसे, निर्जंतुक केल्याशिवाय जात नसे. मी तिथं उभा राहिलो. बायको दोनदा हाक मारून पुढं गेली.

पैसे बाहेर जात, कारण सगळं बाहेरून विकत घ्यावं लागे. बेटावर झरा नाही, पावसाचं पाणी हौदांत साठवायचं. जमीन खडकाळ, थोडीफार भाजी पिकते तेवढीच. सरकार दर रोग्याला महिन्याला काही रक्कम देई, आणि ती पुरत नसे. प्लाका, एलुंडाकडचे शेतकरी आणि कोळी माल घेऊन होडीनं येत, दाराशी बाजार भरे. शिवाय परीट, सफाईवाले, परिचारिका, पहारेकरी हेही पलीकडूनच येऊन जाऊन काम करत. म्हणजे बेटावरच्या रोग्यांच्या पैशावर समोरच्या किनाऱ्यावरच्या चुली पेटत होत्या. आमच्या दुकानदाराचं काही वेगळं होतं का? नाल्यापलीकडच्या माणसाला उधारी नाही, रोख व्यवहार. इतकं खात्रीचं गिऱ्हाईक त्याला ती एकटीच होती.

सुरुवातीची तीसेक वर्षं बेटाची दैनाच होती. पडक्या घरांत माणसं कोंबलेली, औषध म्हणून चौलमुग्रा तेल. ते तेल आपल्याकडच्या झाडाचं, इथूनच जगभर गेलेलं. फार गुण नाही, पण दुसरं काही नव्हतं. १९३६ मध्ये एपामिनोंदास रेमुंदाकिस हा तरुण तिथं आला. आला म्हणजे आणला गेला. अथेन्समध्ये कायद्याचं शिक्षण घेत होता, एकविशी-बाविशीचा. त्यानं रोग्यांची संघटना उभी केली. घरांना चुना लावला, रस्ता झाडला. चहाच्या टपरीसारखं त्यांचं कॉफीघर, न्हाव्याचं दुकान, नाटकाची जागा, शाळा. रस्त्यात कर्णे लावून संगीत वाजवत. पुढं तर तटाचा काही भाग सुरुंगानं उडवून त्यांनी बेटाभोवती फिरायची वाट केली. इतिहासाच्या माणसांना ते रुचत नाही, चारशे वर्षांचा तट फोडला म्हणतात. मला मात्र बरं वाटलं. ज्याला बाहेर जाता येत नाही त्यानं निदान गोल फिरावं की नाही?

त्याच १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांच्या साथीनं मनोहरजी दिवाणांनी कुष्ठधाम सुरू केलं. १९४६ मध्ये अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन झालं. आणि १९५१ मध्ये आमच्या वरोऱ्याजवळच्या ओसाड माळावर बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं. सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, ही गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. मी लहान असताना आनंदवनाची भाजी बाजारात यायची तेव्हा माझी आजी दोन ओळी सोडून चालायची. मी नोकरीला लागलो तेव्हा तीच आजी मला म्हणाली, "आनंदवनातून वांगी आण, किडकी नसतात." मतपरिवर्तन भाषणांनी होतं की वांग्यांनी, हे मी काही ठरवून सांगत नाही.

बेटावर लग्नाला मनाई होती, तरी लग्नं लागली. पोरं झाली. निरोगी मूल जन्मलं की ते आईजवळ ठेवत नसत, बाहेर अनाथाश्रमात धाडत. हे लिहिलेला फलक वाचून मुलगा मला मराठीत सांगत होता आणि बायको ऐकत होती. मग ती किनाऱ्याकडे तोंड करून बराच वेळ बसली. प्लाकाची घरं तिथून स्पष्ट दिसतात. वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसतात.

दुसऱ्या महायुद्धात क्रीट जर्मन आणि इटालियन फौजांनी घेतलं. सैनिक समोरच्या किनाऱ्यावर बसले, बेटात मात्र पाय ठेवला नाही. रोगाची भीती बंदुकीपेक्षा मोठी. पण रसदही आटली, भुकेनं माणसं गेली.

मग औषध आलं. १९४० च्या दशकात सल्फोन औषधं निघाली आणि हा रोग बरा होऊ लागला. आम्ही सुरुवातीला वाटत होतो ती पांढरी छोटी गोळी त्याच घराण्यातली. पुढं तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली. देशात ती मोठ्या प्रमाणावर सुरू करणाऱ्या पहिल्या जिल्ह्यांत आपला वर्धा होता, मागाहून आमच्याकडे आली. त्यातली एक लाल कॅप्सूल महिन्यातून एकदा आमच्यासमोर गिळवायची. त्या दिवशी लघवी लाल होते. पहिल्या महिन्यात एक म्हातारा पहाटे चार कोस चालत माझ्या दारी आला, "भाऊ, तुम्ही मले मारलं." दुसऱ्या औषधानं कातडी काळी पडते, मग लोक म्हणत, रोग परवडला. त्यांना एकेकाला समजावण्यात माझी अर्धी नोकरी गेली. नाल्यापलीकडच्या मायनं दोन वर्षांत एक महिनाही चुकवला नाही. रोग गेला. बोटं गेली ती गेलीच, नस मेली की गोळी तिला उठवत नाही. हे आधी कळलं असतं तर, हा हिशेब मी अजून करतो. तिच्या पहिल्या चट्ट्यानंतर पाच वर्षांनी आमचं सर्वेक्षण त्या गावात पोचलं होतं.

स्पिनालोंगा १९५७ मध्ये बंद झालं. उरलेल्यांना अथेन्सच्या इस्पितळात हलवलं. पण बेट रिकामं झालं नाही, एक पाद्री मागं राहिला. त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षानं, तीन वर्षांनी आणि पाच वर्षांनी प्रार्थना करायची असते. शेवटी मेलेल्यांच्या प्रार्थना राहिल्या होत्या. तो १९६२ पर्यंत थांबला, मग गेला. बेटाच्या कडेला दफनभूमी आहे, सिमेंटच्या झाकणांची, नावं नसलेली. तिथं मला आमच्या भागातली एक तेरवी आठवली. माझा रोगी, बरा झालेला, म्हातारपणानं गेला. पोरानं शंभर माणसांचा स्वयंपाक केला: आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, वरण-भात, बुंदी. पंक्तीला पानं वाढली नऊ. त्यात एक माझं. उरलेली भाजी संध्याकाळी गुरांपुढं गेली, आणि पोरगं मला विचारत होतं, "भाऊ, बाबा तं बरा झालता ना?" मेलेल्यांसाठी एकटा पाच वर्षं थांबलेला तो पाद्री मला म्हणूनच फार मोठा वाटला.

आता ते बेट क्रीटमधल्या सगळ्यात जास्त माणसं येणाऱ्या ठिकाणांपैकी आहे. प्लाकाच्या होडीवाल्यांचा धंदा जोरात. परतताना होडीवाल्यानं माझ्या हातावर सुटे पैसे ठेवले, एक युरोची दोन नाणी. मी ती खर्चली नाहीत.

दिवाळीआधी सोयाबीन निघाल्यावर मी त्या गावी गेलो. नाल्यावर आता रपटा झाला आहे आणि वस्ती पलीकडेही वाढली आहे, तिचं घर मधोमध आलं. घरकुलातलं पक्कं घर, छपरीत बकरी. माय सत्तरीची. मी तिला बेटाचं सगळं सांगितलं. तटाचं, लग्नांचं, पाद्र्याचं. तिनं पाद्र्याचं ऐकून घेतलं, पण विचारलं दुसरंच.

"तिथं बाजार कसा भरे भाऊ?"

"दाराशी. पलीकडून होड्या येत."

"अन् पैसे?"

"धुऊन घेत."

ती हसली. दात नाहीत आता. "तिथंही लाल दवा?"

मी खिशातलं एक नाणं तिच्यापुढं ओट्यावर ठेवलं. आखडलेल्या बोटांना सपाट जागेवरचं नाणं उचलता येत नाही. तिनं तळव्याच्या कडेनं ते ओट्याच्या टोकापर्यंत सरकवत नेलं, खाली दुसरा हात धरला आणि त्यात पाडलं. चाळीस वर्षांची सवय, एकदाही चुकलं नाही. उलटंपालटं करून पाहिलं, पदरात टाकून हिरड्यांनी आणि मनगटानं गाठ मारली.

"चाय मांडू का," ती उठत म्हणाली, "का आत्ताच घेतला?"

दूध बकरीचं होतं. मी दोन कप घेतला.